मसाई मारा? नको, निरवांगी!

तिसावा वाढदिवस घरी साजरा करणारी माणसं आता शोधावी लागतात. ऑफिसात कुणाची तिशी जवळ आली की 'पार्टी कधी?' असं कुणी विचारत नाही. 'मग, कुठे चाललीस?' असं विचारतात. थायलंड आता फारच कॉमन. बालीचे फोटो बघून बघून डोळे दुखायला लागलेत. दुबईत म्हणे आपलंच निम्मं ऑफिस भेटतं. त्यामुळे सध्याचा हॉट फंडा एकच, गँग जमवायची, आफ्रिका गाठायची आणि उघड्या जीपमध्ये केक कापायचा. मागे जिराफ हवाच.

आमच्या पाच जणांच्या गँगचंही तेच ठरत होतं. बर्थडे गर्ल हिंजवडीत टीम लीड आहे. ताडोबा, पेंच, रणथंबोर सगळं करून झालेली आणि वाघ दिसला नाही तर दोन दिवस कुणाशी न बोलणारी. बाकी एक बँकवाला, एक लेन्सवाला (नोकरी जाहिरात एजन्सीत, पगार लेन्समध्ये), एचआरमध्ये असलेली माझी रूममेट आणि मी. बँकवाल्यानं लगेच एक्सेल शीट उघडली. केनियाला २०२४ पासून व्हिसा लागत नाही, त्याऐवजी ऑनलाइन परवानगी काढायची. पिवळ्या तापाची लस निदान १० दिवस आधी घ्यायची. मसाई मारात शिरायला परदेशी पाहुण्यांना जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. विमान, लॉज, जीप वेगळं. आणि ते टीव्हीवर दिसतं ना, हजारो विल्डबीस्ट नदीत उड्या मारतायत आणि खाली मगरी वाट बघतायत, ते साधारण जुलै ते ऑक्टोबरमधलं. आमच्या मॅडमचा बर्थडे जानेवारीच्या शेवटी. तेव्हा ही सगळी मंडळी शेजारच्या टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेला बाळंतपणाला गेलेली असतात.

तरीही आम्ही निघालो असतो. पण निरवांगीहून मामांचा फोन आला.

निरवांगी हे बर्थडे गर्लचं आजोळ. इंदापूर तालुक्यात, नीरा नदीच्या काठाला. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. मामांचं म्हणणं असं, की वर माळावर आपली १२ एकर पडून आहे, तिला चांगलं गिऱ्हाईक आलंय, ताईची सही लागेल, तर महिनाअखेरीला ताईला घेऊन ये. ताई म्हणजे हिची आई. मामा, आई आणि मावशी असे तिघांचे हिस्से आणि वाटप झालेलं नाही, म्हणजे तिघांच्याही सह्या हव्यातच. तारीख नेमकी बर्थडेच्या विकेंडची. तिनं ग्रुपवर मेसेज टाकला, 'केनिया कॅन्सल. तुम्हीच सगळे निरवांगीला चला. लांडगा दाखवते.'

पाच मिनिटं ग्रुपवर शांतता. मग रूममेटचा मेसेज आला, 'तिथे रेंज असते का?'

परदेशी पाहुणे

शनिवारी पहाटे साडेचारला हडपसर सोडलं. पुढच्या सीटवर काकू, म्हणजे बर्थडे गर्लची आई, मांडीवर चहाचा थर्मास घेऊन. सोलापूर हायवेनं शंभरेक किलोमीटरवर भिगवण. तिथून आत कुंभारगावला उजनीच्या बॅकवॉटरवर पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि बोटवाले शेकोटीला बसले होते.

भिगवणचे फ्लेमिंगो आता पुणेकरांना नवीन नाहीत. गावात त्यांना रोहित म्हणतात. पाणी उतरून चिखल उघडा पडला की ते येतात, मान उलटी करून चोचीनं चिखल गाळत बसतात आणि त्या खाण्यातल्या रंगद्रव्यामुळेच गुलाबी होतात. पण आम्ही जास्त वेळ बघत बसलो ते पट्टकादंब. राखाडी बदकासारखा ऐवज, डोक्यावर दोन काळे पट्टे. दिसायला साधाच. हा गडी मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरच्या वर उडताना त्याची नोंद झालेली आहे. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर, म्हणजे अंदाज करा. आपल्याला परदेशी जायला वेब चेक-इन करताना घाम फुटतो.

शेजारच्या बोटीत एक ग्रुप होता, आमच्याच वयाचा. 'दादा, उडवून दाखवा ना!' असा धोशा चाललेला. त्यांच्या बोटवाल्यानं शेवटी इंजिन सुरू करून बोट सरळ थव्यात घातली. पाचशे-सहाशे पक्षी एकदम उठले, सगळ्यांना व्हिडिओ मिळाला. आमच्या बोटवाल्यानं तोंड वाकडं केलं. त्यानं इंजिन कधीच बंद केलं होतं, बांबूनं बोट सरकवत होता. 'दिवसात अशा धा बोटी येत्यात. खायचं कवा त्येंनी?' एवढंच म्हणाला. लेन्सवाल्याला उडतानाचाच फोटो हवा होता, पण तो गप्प बसला.

काकूंनी बोटीत एक गोष्ट सहज सांगितली. त्यांच्या शाळेतल्या एका मैत्रिणीचं माहेर या पाण्याखाली आहे. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, भीमेचं पाणी मागे चढत आलं, गावं उठली. 'पाणी फार आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं,' त्या म्हणाल्या, 'बाकी घरं काही येत नाहीत.' मग थर्मास उघडून सगळ्यांना चहा दिला.

ऊस आणि माळ

भिगवणहून निरवांगीकडे जाताना खिडकीतून एकच तालुका दोन वेळा दिसतो. सुरुवातीला उघडा माळ, पिवळं गवत, मध्येच हिवर-बाभळीची झुडपं, पोल्ट्रीच्या लांबलचक शेड. मग कालव्याचा पट्टा लागतो आणि एकदम हिरवंगार. नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळातला, १८८० च्या दशकातला. त्याचं पाणी पोचलं तिथं ऊस आला, उसामागे साखर कारखाने आले, वालचंद हिराचंद यांच्या नावाचं आख्खं वालचंदनगर उभं राहिलं. (याच वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे भाग बनलेत. रूममेटला हे पटेना, तिनं गुगल केलं. रेंज होती.) जानेवारी म्हणजे गाळप हंगाम, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं.

गावाच्या तोंडाशी बर्थडे गर्ल किंचाळली. चौकात फ्लेक्स! 'आमच्या लाडक्या भाचीबाईंना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा.' तिचा कॉलेजातला फोटो, मागे वाघ, वर दोन गरुड. खाली शुभेच्छुक म्हणून गॉगलवाले तीसेक चेहरे, त्यातल्या दोघांना ती ओळखत होती. मसाई मारात हे कुणी केलं असतं?

संध्याकाळी रानात हुरडा. मामांनी आगटी पेटवून ठेवली होती. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेली ज्वारीची कणसं तळहातावर चोळून गरम दाणे समोर टाकायचे, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. केक आम्ही पुण्याहून नेला होता. मामींनी त्याच्याकडे पाहून 'हा फ्रीजमध्ये ठेवा, पोरं खातील उद्या' असं जाहीर केलं आणि विषय संपला. बाराच्या ठोक्याला तोंडाला केक फासण्याचा कार्यक्रमही आपोआप रद्द. गावात साडेनऊलाच सामसूम होते.

लांडगा

रविवारी साडेपाचला कडबनवाडी. हे गाव इंदापूर तालुक्यातच. पुणे वन विभागानं अलीकडच्या वर्षांत इथे आणि बारामती तालुक्यातल्या शिरसुफळला ग्रासलँड सफारी सुरू केली आहे. गाडीत गावातलाच एक तरुण गाइड म्हणून बसला. पंचविशीतला असेल. खिशात दुर्बीण, तोंडात पक्ष्यांची इंग्रजी नावं आणि त्यांच्या मागोमाग अस्सल गावठी नावं.

वाघाच्या जंगलात तुम्ही झाडीत डोळे घालून बसता. इथे लपायला काही नाहीच, त्यामुळे नजर आधी गोंधळते. गुडघाभर कुसळी गवत, सूर्य वर यायच्या आधी चांदीसारखं. पहिलं दिसलं चिंकाऱ्याचं जोडपं. जेमतेम २०-२५ किलोचं हरिण, शेपटी सारखी हलती. पाण्यावाचून बरेच दिवस काढतं, लागणारं पाणी पाल्यातून मिळवतं. मग एका बांधाशी धाविक पक्ष्यांची तिकडी, नावाप्रमाणे चार पावलं धावायची आणि स्टॅच्यू. आभाळात भोवत्या, म्हणजे हॅरियर. तरंगत तरंगत गवताला खेटून जाणारा शिकारी पक्षी. उन्हाळ्यात तो कझाकस्तानच्या गवतात घरटं करतो आणि थंडीत आपल्याकडे उतरतो. टोळ, नाकतोडे हे त्याचं आवडतं खाणं, म्हणजे शेतकऱ्याचा पाहुणाच. पुढे खोकड बिळाबाहेर ऊन खात पडलेलं, आमच्याकडे बघून जांभई देऊन पुन्हा आडवं झालं.

आणि मग गाइडनं गाडी थांबवायला सांगितली. 'उजवीकडं. बांधाच्या खाली. हलू नका.'

दोन होते. मी कुत्री समजले असते, पण चाल वेगळी. लांब पाय, डोकं खांद्याच्या रेषेत, कुठेही घाई नाही. गवताच्याच रंगाचे. पुढचा थांबला, मान वळवून आमच्याकडे पाहिलं. मागचा आला, मग दोघं सावकाश माळ ओलांडून गेले. सगळा मामला दीड मिनिटाचा. लेन्सवाल्याचे फोटो हलले, कारण हात हलत होते. बर्थडे गर्ल, जी वाघ दिसल्यावर अख्ख्या ताडोबाला फोन करते, ती काहीच बोलली नाही.

देशात वाघ किती, हे आपल्याला पाठ असतं. २०२२ च्या गणनेत सरासरी अंदाज ३,६८२. भारतीय लांडगे साधारण ३ हजारांच्या आसपास असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वाघापेक्षा कमीच. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दोघांनाही जागा आहे. फरक असा की वाघाला जंगल आहे, आणि जंगल म्हटलं की तोडायला माणूस निदान लाजतो. लांडगा राहतो तो माळ सरकारदरबारी 'पडीक'. केंद्र सरकारनं २००० साली पडीक जमिनींचे नकाशे छापले, त्यात देशभरातला असा कितीतरी माळ जमा झाला. त्यात रस्ता जातो, एमआयडीसी येते, सोलर येतं, कुणी हौसेनं झाडं लावतं. होय, झाडंसुद्धा! माळावर खड्डे खणून गिरिपुष्प लावलं की आपल्याला हिरवं दिसतं म्हणून छान वाटतं, पण उघड्या गवतात राहणाऱ्या धाविकाला आणि चिंकाऱ्याला तिथून उठावं लागतं. मसाई मारासुद्धा असाच गवताळ प्रदेश, सवाना. तिथे कुणी वृक्षारोपण करायला गेलं तर?

परतताना धनगरांचा वाडा लागला. दोनेकशे मेंढरं, दोन घोडी, चार कुत्री, रात्रीच्या वाघरीची जाळी गुंडाळायचं काम चाललेलं. वारीत काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, ते याच मुलखातलं. म्हातारे बाबा उन्हात बसले होते. लांडगा दिसला म्हटल्यावर हसले. 'परवा एक कोकरू नेलं त्यानं. लांडगा काय रोज येत न्हाई. आला की एक घेऊन जातो. त्याला बी प्वाट हाय.' भरपाई मिळते का? मिळते, पण त्याला पंचनामा लागतो, पंचनाम्याला मेलेलं जनावर लागतं आणि कोकरू तर लांडगा उचलूनच नेतो. शिवाय पंचनाम्याचा माणूस येईपर्यंत वाडा पुढच्या गावाला. बाबांचा खरा राग होता मोकाट कुत्र्यांवर. पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकतात, त्यावर कुत्री पोसतात, टोळ्या करतात आणि दिवसाढवळ्या मेंढरांवर येतात. लांडग्यालाही हीच कुत्री नडतायत. त्यांचे रोग त्याला लागतात, आणि पुण्याजवळ लांडगा-कुत्र्याचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीत सिद्ध झालंय.

बारा एकर

दुपारी सगळे मामांच्या माळावर गेलो. १२ एकर, मध्ये एक बोर, एक पडकं खोपटं, बाकी गवत. शेजारी वनखात्याची हद्द. पाटस-बारामती-इंदापूर पालखी मार्गाचं चौपदरीकरण झालं तसे इकडचे भाव चढले. गिऱ्हाईक प्लॉटिंगवालं आहे, पुणे-मुंबईच्या लोकांसाठी फार्महाऊस. ब्रोशर मामांच्या खिशात होतं. त्यावर स्विमिंग पूल, आणि गंमत म्हणजे एक हरिण.

बर्थडे गर्ल म्हणाली, 'मामा, सकाळचे लांडगे इथूनच येत-जात असतील.'

'असतील की. लहानपणापासून बघतोय,' मामा म्हणाले. 'अगं, सहाशे फूट बोअर मारली, धूळ निघाली. बाजरी टाकली तर चिंकारा खातो. तुम्हाला पुण्याच्या पोरांना माळ आवडतो, कारण त्याच्यावर जगायचं नसतं.'

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. मामांचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुलीचं लग्न दोन वर्षांवर. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के रास्त वाटतं. माळ वाचला पाहिजे असं म्हणणारे आपण सगळे पगारी लोक, आणि त्याचा खर्च मात्र मामांनी आणि त्या धनगरबाबांनी करायचा, हे गणित काही बरोबर नाही. सफारीचे पैसे गाइडला मिळतात, बोटीचे बोटवाल्याला. माळाच्या मालकाला लांडगा फुकटच पोसावा लागतो.

काकू इतका वेळ खोपटापाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, 'माझे चार एकर सोडून बाकीचे वीक.'

मामा म्हणाले, 'ताई, त्याला सलग बारा पाहिजेत.'

'मग मला दिवाळीपर्यंत वेळ दे.'

जेवताना फारसं कुणी बोललं नाही. मामींनी पुरणपोळी केली होती, बर्थडेची म्हणून, आणि फ्रीजमधला केक पोरांनी खरंच संपवला होता. निघताना मामांनी डिकीत ज्वारीचं अर्धं पोतं ठेवलं आणि काकूंच्या पाया पडले. सहीचा विषय त्यांनीही काढला नाही, काकूंनीही नाही.

केनियाच्या शीटमध्ये बर्थडे गर्लच्या नावापुढे जो आकडा होता, तो तिनं बँकवाल्याला वेगळा ठेवायला सांगितलाय. चार एकरांचं गवत वर्षाकाठी मेंढरांना चारायला द्यायचं, मुलाच्या फीचा काही भाग आपण उचलायचा, मामांना घाई करावी लागू नये, असा काहीतरी हिशेब चालू आहे. मामा 'बघू' म्हणालेत. मावशीनं अजून मत दिलेलं नाही. प्लॉटिंगवाल्याचा फोन मामांना दर आठवड्याला येतो.

जायचं असेल तर

ऑक्टोबर ते मार्च हा माळाचा चांगला सीझन. फ्लेमिंगोंसाठी जानेवारीनंतर जा, पण उजनीत पाणी किती आहे ते बोटवाल्याला आधी फोनवर विचारा. पाणी जास्त असेल तर चिखल दिसत नाही आणि पक्षीही नाहीत. पुण्याहून भिगवणला रेल्वेही जाते. कडबनवाडी आणि शिरसुफळच्या सफारीचं बुकिंग ऑनलाइन होतं. गाइड घ्याच आणि ठरवून दिलेल्या वाटेवरून गाडी खाली उतरवू नका. वेळ असेल तर सुप्याजवळचं मयुरेश्वर अभयारण्य बघा. १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी राखलेलं, जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं, तासाभरात बघून होतं. ड्रोन, स्पीकर, फटाके घरी. बोटीत बसलात तर उडवून दाखवा म्हणू नका. आणि सॉक्स जुने घाला, कुसळं शिरली की ती जोडी पुन्हा ऑफिसला घालता येत नाही.